एक वीत वायर

मी एक जुनी बॅटरी आहे, आणि तीही दुसरी. एका पिकअप गाडीच्या हौद्यात, केबिनच्या पाठीला टेकून, एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात मी बसते. पहिली बॅटरी पुढे बॉनेटखाली असते आणि इंजिन सुरू करते. आकाराने मी तिच्याहून मोठी आहे, पण या गाडीत नंतर आले, म्हणून आमचे वायरमन तिला थोरली आणि मला धाकटी म्हणत.

मित्रांनो, खरे तर मी कारखान्यापासून सुरुवात करायला हवी. पण मला आधी एक मंगळवार सांगायचा आहे.

त्या मंगळवारी विशेष काही घडले नाही. सकाळी नऊच्या सुमाराला वायरमननी शेडचे दार सरकवले. त्यांची मुलगी दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती. ती मोठ्या शहरात नोकरी करते. नव्या इमारतींमधले वायरिंग तपासायचे आणि ते सुरक्षित आहे अशी सही करायची, हे तिचे काम. ती डावखुरी आहे, म्हणून वायरमन तिला लहानपणापासून डावरी म्हणत.

"डावरे, टॉर्च आण."

"बाबा, दिवसाढवळ्या?"

"दिवस बाहेर आहे. पेटीत नाही."

तिने टॉर्च धरला. वायरमननी माझी सहा बुचे उघडली, एकेकात डोकावून पाहिले आणि जिथे कमी होते तिथे बॅटरीचे पाणी घातले. मग मीटर लावला. बारा पूर्णांक सहा व्होल्ट, म्हणजे मी पूर्ण भरलेली. तो आकडा त्यांनी पेटीच्या झाकणाला आतून खडूने लिहिला. आधीचा आकडा बाहीने पुसला. बाही पांढरी झाली.

"आई ओरडेल," मुलगी म्हणाली.

"तिचं ओरडून झालंय या शर्टावर. आता दुसऱ्याची पाळी आहे."

मुलगी हसली. टॉर्च तिने अजून बंद केला नव्हता. उजेड पेटीतल्या फ्यूजवर पडला होता, तो तिने तिथून हलवला.

"बाबा."

"काय?"

"या झाकणाचं..."

"काय झालं झाकणाला?"

"काही नाही. नीट बसतंय ना, बघत होते."

"बसतंय. आठ वर्षं बसतंय."

त्यांनी झाकण लावले, वर दोन थापा मारल्या आणि हात पुसत घरात गेले. तिने टॉर्च बंद केला. थोडा वेळ ती तिथेच उभी होती. मग तीही गेली.

बुधवारी वायरमन उठले नाहीत.

मला हे कसे कळले, असे तुम्ही विचाराल. झाकण लावले की पेटीत काही दिसत नाही, ऐकू येते; उरलेले मी जोडून घेते. आठ वर्षांत ज्या दिवशी शेडचे दार सकाळी सरकले नाही असा तो पहिला दिवस. अंगणात पुष्कळ पावले वाजली. खुर्च्या ओढल्या गेल्या. कपबश्या वाजल्या, बराच वेळ वाजत राहिल्या. कोणीतरी हळू आवाजात म्हणाले, "झोपेतच गेला. सुटला एका परीने." कोणीतरी म्हणाले, "वय काय होतं त्याचं." मुलीचा आवाज मला आला नाही.

मला रडता येत नाही. माझ्यात फक्त आकडा असतो. तो तेव्हा बारा पूर्णांक सहाच होता.

आता मागचे सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शिशाच्या पट्ट्या, आम्ल, जाड प्लास्टिकचा डबा. तिथे आमच्यासारख्या हजारो होत्या. आम्ही दोन प्रकारच्या असतो. थोरलीसारख्या बॅटऱ्या एकदम जोर लावतात, क्षणभर, आणि मग गप्प. माझ्यासारख्या हळूहळू, तासन्‌तास देत राहतात. दुकानात मी पाच महिने तळाच्या फळीवर पडून होते. लोक थोरलीसारख्या घेऊन जात.

वायरमनना माझ्यासारखीच हवी होती. त्यांचे काम नव्या घरांमध्ये, नव्या गोदामांमध्ये, जिथे अजून वीज आलेली नसते तिथे. भिंतीला भोक पाडायचे तर ड्रिल चालायला हवे, आणि संध्याकाळी दिवा हवा. हे सगळे ते थोरलीवर चालवत. मग काम संपवून किल्ली फिरवली की गाडी नुसती टक करी. गवंडी, म्हणजे त्यांच्याबरोबर नेहमी काम करणारे त्यांचे मित्र, मागून धक्का मारत आणि म्हणत, "दुसऱ्यांच्या घरी वीज देतोस, तुझ्या गाडीला तेवढी कोण देणार?" महिन्यातून तीनदा धक्का मारल्यावर गवंड्यांनी सांगितले की आता कंबर जाईल. तेव्हा वायरमन दुकानात आले.

त्यांनी मला उचलले, वजन पाहिले आणि म्हणाले, "ही." बस, एवढेच.

मुलगी त्या वर्षी एकवीसची होती. विजेच्या अभ्यासक्रमाचे शेवटचे वर्ष चालू होते. बापलेकींनी मिळून मला बसवायचे ठरवले. दोन दिवस लागले.

पहिल्या दिवशी वायरमननी पेटी हौद्याला बोल्टने घट्ट केली. थोरलीपासून माझ्यापर्यंत एक जाड लाल वायर गाडीच्या खालून आणली. मध्ये, पुढच्या बाजूला, एक रिले लावला. रिले म्हणजे आमच्या दोघींमधले दार समजा. इंजिन चालू असले की दार उघडते आणि मलाही भरायला वीज मिळते. इंजिन बंद झाले की दार बंद. मग मी दिवा लावते, ड्रिल चालवते, अगदी रिकामी झाले तरी चालते. थोरलीला कोणी हात लावत नाही. गाडी घरी जाते.

आणि फ्यूज. मित्रांनो, ही गोष्ट फ्यूजची आहे, म्हणून नीट ऐका. फ्यूज म्हणजे वायरीत मुद्दाम ठेवलेला दुबळा तुकडा. वायर कुठे घासून उघडी पडली आणि लोखंडाला टेकली, तर वीज बेफाम धावते. तेव्हा फ्यूज आधी वितळतो आणि वीज तुटते. पण तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो जितका लांब, तितकी मधली वायर उघड्यावर. आणि आम्ही दोघी दोन टोकांना, म्हणून फ्यूजही दोन हवेत. एक थोरलीजवळ, एक माझ्याजवळ.

वायरमननी हाताची वीत माझ्या टर्मिनलपासून, म्हणजे वायर जोडायच्या टोकापासून, टेकवली आणि जिथे करंगळी आली तिथे फ्यूज लावला.

"एक वीत," ते मुलीला म्हणाले. "जास्त नाही."

"पुस्तकात सेंटिमीटर दिलेत."

"पुस्तकाला हात नसतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना सकाळीच कुठे तरी जावे लागले. उरलेले काम मुलीवर होते. वायरींना नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि पेटीचे झाकण बसवायचे. चिठ्ठ्या तिने सुंदर लिहिल्या. 'दिवा'. 'ड्रिल'. 'घरी जायची', ही थोरलीकडून येणाऱ्या वायरीला. मग तिने झाकण लावायला घेतले आणि ते बसेना. फ्यूजचे घर दोन बोटे वर येत होते. तिने वायर इकडे वाकवून पाहिली, तिकडे वाकवून पाहिली. झाकण उघडेच राही. आत पाणी गेले तर बाबा काय म्हणतील, असे तिला वाटले असावे. बाबा परत येतील तेव्हा काम पूर्ण दिसावे असेही वाटले असावे.

तिने फ्यूज काढला. पुढे रिलेजवळ मोकळी जागा होती, तिथे नेऊन लावला. वायर तीच, फ्यूज तोच, फक्त जागा दुसरी. काळी टेप घट्ट गुंडाळली. झाकण बसले.

संध्याकाळी वायरमननी झाकणावर दोन थापा मारल्या. "झ्याक," ते म्हणाले. झाकण उघडून त्यांनी पाहिले नाही. फ्यूज आदल्या दिवशी त्यांनी स्वतः लावला होता, पाहायचे काय? मुलगी सांगणार होती. पण ते खूश होते, आणि तिला वाटले, सांगण्यासारखे एवढे काय आहे.

पुढचे पाच महिने मी कामात होते. ते माझे चांगले दिवस. दिवसभर ड्रिल, संध्याकाळी दिवा, आणि शेवटी किल्ली फिरवली की गाडी पहिल्या झटक्यात सुरू. गवंडी म्हणत, "धाकटीनं माझी कंबर वाचवली." दर आठवड्याला मीटर, खडू, आकडा.

मग शाळेचे काम आले. नवी दोन मजली इमारत, बावीस खोल्या. वायरमनना इतके मोठे काम कधीच मिळाले नव्हते. तिसऱ्याच दिवशी, दुपारी, मुख्याध्यापक पाहणीला आले असताना, आमच्या गाडीखालून धूर निघाला.

खडबडीत रस्त्यांवर पाच महिने हादरून लाल वायर हौद्याच्या कडेला घासली होती. तांबे लोखंडाला टेकले. फ्यूज माझ्याजवळ असता तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत वितळला असता आणि कोणाला कळलेही नसते. पण फ्यूज पुढे होता. मी आणि ती उघडी जागा यांच्यामध्ये काहीच नव्हते. मी देत राहिले. मला थांबता येत नाही, कोणी थांबवले तरच मी थांबते. वायर लाल झाली, प्लास्टिक गळू लागले.

वायरमन धावत आले. झाकण उपटून त्यांनी उघड्या हाताने माझे काळे टर्मिनल ओढून काढले. वीज तुटली. त्यांच्या उजव्या तळव्यावर शेवटपर्यंत एक चकाकणारी रेघ होती, ती तिथली.

मुख्याध्यापक रागावले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्याच गाडीत असं होत असेल, तर इथे मुलं बसणार आहेत हो." वायरमन म्हणाले, "बरोबर आहे. माझीच चूक." शाळेचे काम दुसऱ्याला गेले. त्यानंतर मोठे काम त्यांच्याकडे आले नाही. छोटी आली. घरे, दुकाने, गोठे. गवंडी मनाने वाईट नव्हते, पण जीभ तशीच. "वायरिंगचा राजा," ते चारचौघांत म्हणत, "फक्त स्वतःची गाडी सोडून." वायरमनही हसत.

धूर निघाला त्या संध्याकाळी गाडी अंगणात उभी होती आणि मुलगी पायरीवर. तळव्याला पट्टी बांधून घेत वायरमन तिच्या आईला सांगत होते, "फ्यूज मी जवळच लावला होता गं. मला आठवतंय. मग असं कसं झालं? की वय झालं आणि हात विसरायला लागले?" मुलगी उठून उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली. आई म्हणाली, "त्यांना आधी दोन घास खाऊ दे." ती पुन्हा बसली.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर वायरमन गाडीखाली शिरले. त्यांना फ्यूज पुढे, रिलेजवळ सापडला. त्यावरची टेप त्यांनी उकलायला घेतली आणि हात थांबला. टेप उलट्या दिशेने गुंडाळलेली होती. ते पुष्कळ वेळ ती हातात धरून बसले. मग उठून पेटीपाशी आले. फ्यूजचे घर पूर्वीच्या जागी, एका वितीवर, नुसते धरून पाहिले आणि झाकण टेकवले. झाकण दोन बोटे वर राहिले.

"अच्छा," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी लोहाराकडून पेटीच्या कडेला दोन बोटे रुंद पट्टी जोडून आणली. पेटी तेवढी उंच झाली. नवा फ्यूज एका वितीवर बसला आणि झाकणही बसले. जुना, टेपसकट, त्यांनी सीटखालच्या अवजारांच्या डब्यात तळाला ठेवला. संध्याकाळी मुलगी आली. ते म्हणाले, "धर टॉर्च." तिने धरला. त्यांनी नवी वायर जोडली, ती फ्यूजकडे पाहत राहिली आणि दोघे काही बोलले नाहीत. हात विसरायला लागले, असे ते त्यानंतर कधीच म्हणाले नाहीत. लोकांपुढे मात्र म्हणत राहिले, "माझीच चूक."

मित्रांनो, मला हे सगळे माहीत होते. बॅटरीला बोलता आले असते तर किती बरे झाले असते, असे तुम्हाला वाटेल. पण त्या दोघांना बोलता येत होते.

आता पुन्हा त्या बुधवारनंतरचे.

शेड दोन महिने बंद राहिली. एकदा आई आली, कोपऱ्यातली झारी घेतली, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, धूळ पुसली आणि गेली. केबिनमधले घड्याळ माझ्या विजेवर चालते. ते फार थोडे खाते, पण रोज खाते. बारा पूर्णांक तीन. बारा. अकरा पूर्णांक आठ. झाकणाच्या आत मात्र खडूने बारा सहाच लिहिलेले होते. आम्ही अशा पडून राहिलो की आतल्या पट्ट्यांवर कठीण साय धरते, आणि मग कितीही भरले तरी पूर्वीसारखे भरत नाही. मला काही वाटत नव्हते. कमी होत जाताना काही वाटत नाही, हे मला तेव्हा कळले.

म्हणून माझे एक मागणे आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, गाडीत, जिन्याखाली, कुठेही, तर तिला महिनोन्‌महिने तशीच ठेवू नका. महिन्यातून एकदा पाणी पाहा. आकडा पाहा. कोणी मागत नाही म्हणजे त्याला नको आहे असे समजू नका. आणि फ्यूज जवळ लावा.

काल शेडचे दार सरकले. मुलगी होती, आणि गवंडी होते. गाडी गवंडी घेणार होते, आईनेच तसे ठरवले होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकाला लाथ मारून पाहिली. मग माझ्या पेटीवर हात ठेवला.

"बाई, ही मागची मात्र काढून घे. भंगारात घाल."

"का, काका?"

"का म्हणजे? तुला ठाऊक नाही? एकदा धूर निघालाय हिच्यातून. तुझा बाप माणूस सोन्यासारखा, दुसऱ्याच्या घरात त्याचं काम म्हणजे डोळे मिटून झोपावं. पण स्वतःच्या गाडीत चुकला. शाळा गेली त्यात." ते थोडे हसले, सवयीने. मग हसू राहिले नाही. "चिडवायला आता माणूस नाही. पण वायरीचा भरवसा नको."

मुलीने सीटखालचा डबा ओढून पान्हा शोधला. पान्हा वर नव्हता. तिने एकेक वस्तू बाहेर ठेवली. पक्कड, मीटर, खडूचा तुकडा. तळाशी हात गेला आणि ती थांबली.

तिने तो जुना फ्यूज बाहेर काढला. टेप अजून घट्ट होती. तिने बोट टेपच्या कडेवरून फिरवले, एकदा, आणि पुन्हा. मग ती माझ्याकडे आली. झाकण उघडले. खडूचा आकडा पाहिला. फ्यूजचे घर आतल्या फ्यूजशेजारी धरले, आणि पेटीच्या कडेला जोडलेल्या पट्टीवर दोन बोटे ठेवली. बोटे बरोबर पट्टीएवढी होती.

"सापडला का पान्हा?" गवंड्यांनी विचारले.

"काका, हे बघा."

"काय आहे?"

"टेप कुठल्या बाजूला गुंडाळलीय?"

गवंड्यांनी चष्मा वर केला. फ्यूज उलटसुलट केला. "उलटी. अशी डावखुरा माणूस गुंडाळेल." मग त्यांनी तिच्या हाताकडे पाहिले.

"बाबांनी फ्यूज बरोबर लावला होता. इथे. एका वितीवर." तिचा आवाज अगदी सपाट होता, दुसऱ्याच्या इमारतीचा अहवाल वाचावा तसा. "झाकण बसत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो काढून पुढे लावला. कोणाला सांगितलं नाही. धूर माझ्यामुळे निघाला. शाळा माझ्यामुळे गेली."

गवंडी हौद्याच्या कडेवर बसले. म्हणाले, "आणि मी आठ वर्षं त्याला..." वाक्य त्यांनी तसेच सोडले. मग म्हणाले, "त्याला ठाऊक होतं?"

"हे त्यांनी ठेवलं होतं. आणि ही पट्टी त्यांनी जोडून घेतली."

"मग बोलला का नाही?"

"मी नाही बोलले म्हणून."

"आता सांगून काय होणार, पोरी?"

"काही नाही होणार. उद्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगणार आहे. तेही काही करणार नाहीत. पण बाबांची चूक नव्हती, हे कोणाला तरी ठाऊक असायला हवं."

गवंडी उठले. फ्यूज तिच्या हातात परत दिला. "बॅटरी राहू दे," ते म्हणाले. "बापाच्या हाताचं वायरिंग आहे. मी कशाला काढू." आणि आईला भेटायला घरात गेले.

मुलीने मीटर लावला. अकरा पूर्णांक चार. तिने बाहीने जुना आकडा पुसायला हात उचलला आणि पुसला नाही. त्याच्या खाली नवा लिहिला. मग सहा बुचे उघडून एकेकात पाणी घातले. माझी टर्मिनले गंजली होती, ती काढून घासली. काढताना आधी काळे काढले, लावताना काळे शेवटी लावले, वायरमन लावत तसे. पान्ह्याचा शेवटचा फेरा डाव्या हाताने दिला. झाकण लावले. ते बसले.

मग ती केबिनमध्ये गेली, स्वतःच्या बाजूला, वायरमनची जागा रिकामी ठेवून, आणि हात लांब करून किल्ली फिरवली. थोरलीने दोनदा कुरकुर केली आणि इंजिन लागले. पुढे रिले टक करून जुळला. वीज माझ्याकडे येऊ लागली, सावकाश.

तिने एक हात शेजारच्या सीटवर ठेवला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तो फ्यूज मी हलवला होता."